खेळ बंद झाले, खेळकऱ्यांचे काय?

डिसेंबर २००९ मध्ये कर्नाटकातल्या एका कलंदराने राजू नावाचे आपले अस्वल बन्नेरघट्ट्याच्या बचाव केंद्राच्या हवाली केले. देशातले ते शेवटचे नाचणारे अस्वल असल्याचे तेव्हा जाहीर झाले. पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावर चाललेला एक निर्दय खेळ संपला, याचा प्राणिप्रेमींना आनंद झाला आणि तो रास्तच होता. पण मदारी, दरवेशी, गारुडी, कलंदर अशा ज्या जमाती प्राण्यांचे खेळ करून पोट भरत होत्या, त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या आनंदात मागे पडला. प्राण्यांवरची क्रूरता थांबवणारे कायदे योग्यच आहेत. त्या कायद्यांची किंमत मात्र आपण समाजातल्या सर्वांत दुबळ्या माणसांकडून वसूल केली. ज्यांच्या पाठीशी जमीन, मते आणि संघटना होत्या, त्यांना त्याच कायद्यातून वाट काढून दिली. प्राण्यांना न्याय देताना माणसांवर झालेला हा अन्याय टाळता आला असता, आणि अजूनही त्याची भरपाई करता येईल, असे माझे म्हणणे आहे.

आधी क्रूरतेबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे, कारण जमातींची बाजू घेणारे पुष्कळजण इथे डोळेझाक करतात. नाचणारे अस्वल जंगलातून पिल्लू असताना आणले जाई. पिल्लाला सोडवायला धावणारी आई बहुधा मारली जाई. पिल्लू काही महिन्यांचे झाले की तापवून लाल केलेली सळई त्याच्या नाकाडातून आरपार घालत आणि त्या भोकातून दोरी ओवत. भूल देण्याचा प्रश्नच नव्हता. जखम पुरती भरू दिली जात नसे, कारण दोरीला हिसका दिल्यावर होणारी वेदना हाच त्या नाचाचा आधार होता. सुळे आणि नखे काढून टाकली जात. गारुड्याच्या टोपलीतल्या नागाची कथाही फारशी वेगळी नाही. त्याचे विषदंत उपटले जात, काही वेळा तोंड दोऱ्याने शिवले जाई. नागपंचमीला तो दूध प्यावा म्हणून आधी कित्येक दिवस त्याला पाण्यावाचून ठेवत. सापाला दूध पचत नाही. तहानेने घशाखाली गेलेले ते दूध अनेकदा फुप्फुसात जाऊन त्याचा जीव घेई. पुंगीपुढे नाग डोलतो तो समोर हलणाऱ्या पुंगीला धोका समजून. हे सारे ठाऊक असताना ‘ही आमची परंपरा आहे’ एवढ्या बळावर त्याचे समर्थन करता येत नाही.

कायद्याने हा निष्कर्ष टप्प्याटप्प्याने काढला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या आग्रहातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. त्यात पहिल्या गुन्ह्याला ठेवलेला दंड होता दहा ते पन्नास रुपये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अस्वल, साप यांसारखे वन्य प्राणी पकडणे आणि बाळगणे यांवर कडक बंधने आणली. ऑक्टोबर १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांना खेळासाठी शिकवणे आणि त्यांचे प्रदर्शन करणे बंद झाले. सर्कसवाल्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली, पण २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी कायम केली. ११ जुलै २०११ रोजी या यादीत बैलाचीही भर पडली. प्रत्येक पाऊल प्राण्याच्या बाजूने विचार करून टाकलेले होते. मात्र या प्राण्यांवर ज्यांची चूल पेटत होती, त्यांनी उद्यापासून काय करायचे, हे यांपैकी एकाही कायद्यात वा अधिसूचनेत लिहिलेले नाही.

ही माणसे कोण, हे समजल्याशिवाय त्या मौनाचे गांभीर्य कळत नाही. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी तो उत्तर भारतात लागू झाला, १९११ च्या दुरुस्तीने मुंबई इलाख्यासह सर्वत्र त्याचा विस्तार झाला आणि १९२४ मध्ये तो एकत्रित स्वरूपात पुन्हा मंजूर झाला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्या जमातीत जन्मलेले मूलही संशयित ठरे. जाहीरनामा खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार न्यायालयालाही नव्हता. पोलीस पाटलाकडे हजेरी, गाव सोडायचे तर पास, पास नसेल तर शिक्षा. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की भटक्या जमातीबद्दल अहवाल पाठवताना अधिकाऱ्याला एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागे: तिचा धंदा खरा आहे, की गुन्हे करण्यासाठी घेतलेला बहाणा? डमरू, टोपली, सुया-मणी, जडीबुटी यांमागे काहीतरी काळेबेरे असणारच, हे आधी गृहीत धरायचे आणि मग त्याला पुरावे शोधायचे, अशी ती पद्धत होती.

या जमाती बेकार का झाल्या होत्या, याचा विचार तेव्हाही कोणी केला नाही. इतिहाससंशोधक मीना राधाकृष्ण यांनी मद्रास इलाख्यातल्या कोरवांचा अभ्यास करून ही कडी जुळवून दाखवली आहे. आपल्याकडच्या कैकाड्यांचे भाऊबंद मानले जाणारे हे लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून किनाऱ्यापासून आतल्या गावांपर्यंत व्यापार करत. सरकारचे मीठधोरण बदलले, रेल्वे आली आणि दोन-तीन दशकांत त्यांचा धंदा बुडाला. ज्या राजवटीच्या धोरणांनी तो बुडवला, तिनेच पुढे उत्पन्नाचे दिसते साधन नाही म्हणून त्यांना गुन्हेगार ठरवले. दक्षिणेतल्या लमाणांच्या मिठाच्या तांड्यांनाही रेल्वेचा असाच फटका बसला. आधी उपजीविका जाते आणि मग उपजीविका नाही याच कारणाने संशय येतो, हा क्रम पुढच्या शतकात पुन्हा दिसणार होता.

हा सगळा दोष इंग्रजांच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. गावकुसाबाहेर पाल ठोकणाऱ्याकडे संशयाने पाहण्याची सवय आपल्या जातिव्यवस्थेत मुरलेलीच होती. इंग्रजांनी तिला दफ्तर, शिक्का आणि कुंपण दिले. या जमातींना डांबून ठेवण्यासाठी केलेल्या सोलापूरच्या वसाहतीला तारेचे कुंपण होते आणि आतली माणसे गिरण्यांमध्ये राबत. त्या भागाला शहरात आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती विमुक्त ठरल्या. त्यानंतर सातच वर्षांनी, १९५९ मध्ये, मुंबई राज्यात दोन कायदे आले. सराईत गुन्हेगारांविषयीच्या पहिल्या कायद्याने पोलिसांच्या नजरेची जुनी सवय नव्या नावाने चालू राहिली. दुसरा होता भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा. गाणे, नाच, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे किंवा एखादी वस्तू विकणे अशा कोणत्याही बहाण्याने सार्वजनिक ठिकाणी पैसे घेणे, ही त्यातली भीक मागण्याची व्याख्या आहे. म्हणजे डोंबाऱ्याची कसरत, जोशाचे भविष्य, गारुड्याचा खेळ हे सारे पुन्हा बहाणेच ठरले. शिक्षा एक ते तीन वर्षे डांबून ठेवण्याची, आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या या कायद्यातल्या मुख्य तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. महाराष्ट्रात तो शाबूत आहे.

प्राण्यांविषयीचे कायदे या पार्श्वभूमीवर आले. ज्यांच्या नावावर जमीन नाही, गाव नाही, रेशनकार्ड नाही आणि ज्यांची जात पोलीस ठाण्याला पाठ आहे, अशांकडे एकच भांडवल होते: प्राणी आणि त्याला हाताळण्याचे ज्ञान. ते भांडवल बेकायदा ठरले. प्राणी जप्त होतो, गुन्हा नोंदला जातो आणि ज्याच्या आजोबांचे नाव हजेरीपटावर होते त्याचे नाव पुन्हा नोंदवहीत येते. खेळाबरोबर गावाशी असलेली ओळखही तुटते. दरवर्षी ठरलेल्या दिवसांत येणारा गारुडी किंवा नंदीबैलवाला लोकांना ओळखीचा असतो. त्याच रस्त्याने रिकाम्या हाताने हिंडणारा माणूस परका आणि म्हणून संशयित ठरतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते भिक्षा मागून पोट भरणारे भटके होते. त्या घटनेला प्राणीकायदे कारण झाले, असे मला मुळीच म्हणायचे नाही. भटक्या माणसाभोवती संशय किती जवळ टपून बसलेला असतो, हे मात्र त्यातून दिसते. अशा माणसाचा ओळखीचा धंदा काढून घेताना राज्याने दुप्पट काळजी घ्यायला हवी होती.

आता हाच कायदा दुसऱ्या एका समाजाला लागला तेव्हा काय झाले ते पाहू. २०११ च्या अधिसूचनेच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी तमिळनाडूतला जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती बंद केल्या. बैल हा शरीररचनेने धावण्याचा प्राणी नाही. भीती आणि वेदना यांशिवाय तो तसा धावत नाही, असे न्यायालयाने नोंदवले. शेपटी पिरगाळणे, चाबूक, अणकुचीदार टोचणी असे प्रकार पुराव्यात आले होते. त्यानंतर खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळपासून सांगली-साताऱ्यापर्यंत गाडामालक एकत्र आले. मोर्चे निघाले, आमदार-खासदार पुढे झाले. २०१७ मध्ये विधिमंडळाने केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि नियम तयार झाले. शर्यतीचे अंतर, पशुवैद्यकाची तपासणी, चाबकाला मनाई, नियम मोडल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, असा तपशील ठरला. उच्च न्यायालयाने परवानगी रोखल्यावर राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. एखादी प्रथा संस्कृतीचा भाग आहे का, हे विधिमंडळाने ठरवावे, असा न्यायालयाचा कल होता.

शर्यती योग्य की अयोग्य, हा वाद इथे सोडवायचा नाही. मुद्दा राज्याने दाखवलेल्या तत्परतेचा आहे. बैलाच्या मालकाची अडचण समजून घ्यायला विधिमंडळाला वेळ मिळाला, महागडे वकील मिळाले, नियम लिहिणारे अधिकारी मिळाले. अस्वलवाल्याच्या आणि गारुड्याच्या अडचणीवर यातले काहीही खर्च झाले नाही. यावर कोणी म्हणेल की ही तुलनाच चुकीची आहे: बैल पाळीव, अस्वल आणि नाग वन्य. हा आक्षेप वजनदार आहे आणि त्यातला अर्धा भाग मी मान्य करतो. जंगलातले पिल्लू चोरून आणल्याशिवाय अस्वलाचा खेळ होतच नव्हता, त्यामुळे नियम घालून तो चालू ठेवण्याची वाट नव्हती. बंदीच हवी होती. पण प्राणी वन्य आहे यावरून खेळ बंद व्हावा इतकेच सिद्ध होते. खेळकऱ्याला वाऱ्यावर सोडावे, हे त्यावरून ठरत नाही. उलट जिथे सवलत देणे अशक्य, तिथे पर्याय देण्याची जबाबदारी अधिक. शिवाय नंदीबैलही पाळीव बैलच आहे. २०११ च्या अधिसूचनेत बैल सरसकट आला, तर २०१७ च्या दुरुस्तीत वाट निघाली ती शर्यतीच्या बैलाला. दारोदार मान डोलावणारा नंदीबैल त्या दुरुस्तीच्या मजकुरात नाही. वन्य प्राण्यांच्या बाबतीतही सारे दरवाजे सर्वांना सारखेच बंद असतात, असे नाही. बत्तीस शिराळ्यातल्या जिवंत नागांच्या पूजेवर २००२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने बंधने आली. गावाने आणि लोकप्रतिनिधींनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि २०२५ मध्ये केंद्राने शैक्षणिक उद्देशासाठी मर्यादित संख्येने नाग पकडण्याची परवानगी दिली. एका गावाच्या मागे मतदारसंघ उभा राहू शकतो. पालात राहणाऱ्या, मतदारयादीत नाव नसलेल्या माणसाच्या मागे कोण उभे राहणार?

दुसरा आक्षेप असा की गरिबी ही क्रूरतेची सबब होऊ शकत नाही. खरे आहे. अस्वलाच्या नाकातल्या दोरीची वेदना ती दोरी धरणाऱ्याच्या दारिद्र्याने कमी होत नाही. पण क्रूरतेचा वाटा केवळ हातावर पोट असलेल्यांनी उचलावा, हे न्यायाला धरून नाही. तो खेळ शतकानुशतके संस्थानिकांनी, गावांनी, शहरातल्या मध्यमवर्गाने पाहिला, टाळ्या वाजवल्या, नागपंचमीला दाराशी गारुडी आला की दूध आणि पैसे दिले. चाल सर्वांची होती, शिक्षा मात्र टोपली उचलणाऱ्याला झाली. तिसरा आक्षेप असतो की सिनेमा, दूरचित्रवाणी, मोबाइल आल्यावर हे खेळ आपोआपच संपणार होते. तेही काही अंशी खरे. पण बाजारात मागणी घटल्याने बंद पडलेला धंदा आणि पोलीस कारवाईने बंद झालेला धंदा यांत फरक आहे. पहिल्यात माणूस हळूहळू दुसरीकडे वळतो. दुसऱ्यात तो एका रात्रीत आरोपी होतो आणि ज्याची जातच संशयित, त्याला तो डाग पुसता येत नाही.

याहून वेगळे काही शक्य होते का? होते, आणि त्याचे दोन पुरावे आपल्याच देशात आहेत. पहिला कलंदरांचा. वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने उत्तर प्रदेशच्या वनखात्याबरोबर आग्र्याजवळ अस्वलांचे केंद्र उभारले, पण केवळ धाडी घालून अस्वले गोळा केली नाहीत. अस्वल देणाऱ्या कुटुंबाला दुसरा व्यवसाय सुरू करण्यासाठी पैसे, मुलांना शाळा, बायकांना शिवणकाम आणि कशिदाकामाचे शिक्षण, आणि बदल्यात पुन्हा अस्वल न पाळण्याचा लेखी करार, अशी त्यांची पद्धत होती. सहाशेहून अधिक अस्वले अशा रीतीने सुटली. जी चाल १९७२ पासून नुसत्या कायद्याने थांबली नव्हती, ती सात-आठ वर्षांत संपुष्टात आली, कारण या वेळी दोरी सोडणाऱ्या हाताला दुसरे काम मिळाले.

दुसरा पुरावा तमिळनाडूतल्या इरुळांचा, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. इरुळा ही साप पकडण्यात निष्णात आदिवासी जमात. कातड्यासाठी साप पुरवणे हा त्यांचा रोजगार होता. वन्यजीव कायदा आणि १९७६ ची कातड्यांवरची निर्यातबंदी यांनी तो संपवला. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये इरुळा सर्पपकड्यांची सहकारी संस्था चेन्नईजवळ उभी राहिली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप ते परवान्याने पकडतात, काही आठवडे मातीच्या मडक्यांत ठेवतात, काही वेळा त्यांचे विष काढतात आणि मग साप पुन्हा रानात सोडतात. हे विष देशातल्या प्रतिविषाचा मुख्य आधार आहे. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे मरतात, असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक शेतात आणि खेड्यात. ज्या हातांना कायद्याने शिकारी ठरवले असते, त्याच हातांनी अशी कित्येक माणसे वाचवली. २०२३ मध्ये या जमातीतल्या वडिवेल गोपाल आणि मासी सदैयान या दोघांना पद्मश्री मिळाली. साप वाचले, माणसे वाचली आणि जमातीचे ज्ञानही टिकले. आपल्या गारुड्यांच्या आणि वैदूंच्या ज्ञानाकडे महाराष्ट्राने कधी या नजरेने पाहिले नाही.

शेवटचा आक्षेप सरकारी असतो: योजना आहेत, आरक्षण आहे, आणखी काय हवे? योजना आहेत हे खरे. विमुक्त आणि भटक्यांना महाराष्ट्रात आरक्षण आहे, वस्त्यांसाठी योजना आहेत, रेणके आयोगाचा २००८ चा अहवाल आहे, इदाते आयोगाचा त्यानंतरचा अहवाल आहे. केंद्राने २०२२ मध्ये पाच वर्षांसाठी २०० कोटींची योजनाही आणली. पण या सर्वांचे दार जातीच्या दाखल्याने उघडते, आणि महाराष्ट्रात त्या दाखल्यासाठी भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा रहिवासाचा पुरावा द्यावा लागतो. ज्याचा आजोबा वर्षाकाठी शंभर गावे हिंडत होता, त्याने १९६१ मधला कोणता सात-बारा दाखवायचा? स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनांनी या जमातींची स्वतंत्र मोजणीही केली नाही. किती जण आहेत हे माहीत नसताना आखलेली योजना कोणापर्यंत पोहोचली, हे कोण सांगणार?

म्हणून मागणी साधी आहे. ज्या कायद्याने एखाद्या समाजाची उपजीविका बेकायदा ठरते, त्याच कायद्यात त्या समाजाच्या पर्यायी उपजीविकेची तरतूद, निधी आणि मुदत लिहिलेली असावी. यात अवास्तव काही नाही. १८७१ च्या त्या जुलमी कायद्यातसुद्धा भटक्या जमातीला एका जागी बसवण्यापूर्वी ती तिथे पोट कसे भरणार, हे अहवालात लिहिण्याचे बंधन होते. ते बहुतेक कागदावरच राहिले आणि त्यातून तारेची कुंपणे निघाली, हा इतिहास आहे. पण प्रश्न तरी विचारला गेला होता. स्वतंत्र भारताच्या कायद्यांनी तो विचारलाही नाही. त्याचबरोबर भटक्यांच्या दाखल्यासाठी १९६१ च्या पुराव्याऐवजी जमातीची साक्ष आणि स्थानिक चौकशी पुरेशी मानावी. खेळ करून पैसे घेण्याला भीक ठरवणारी १९५९ ची व्याख्या रद्द करावी. सर्पदंशाच्या कामात वनखाते आणि आरोग्यखाते यांनी गारुडी, वैदू यांच्यातल्या तरुणांना प्रशिक्षण आणि वेतन देऊन सामावून घ्यावे. प्राण्याला वेदना होते म्हणून त्याला संरक्षण द्यायचे, हे तत्त्व आपण एकदा स्वीकारले की वेदना होणारा जीव कोणत्या जातीचा, कोणत्या पालातला, हे विचारायची सोय राहत नाही. अस्वलाच्या नाकातली दोरी कापणारा समाज त्याच अस्वलवाल्याच्या मुलाला शाळेत जागा आणि हाताला काम देत नसेल, तर त्याची करुणा अर्धवट आहे. ती पूर्ण करण्याची जबाबदारी कायदा करणाऱ्या सरकारवर आणि त्या कायद्याचे स्वागत करणाऱ्या आपणा सर्वांवर आहे.